विजेचा आळस

वीज आळशी असते, असं आमचे मिस्त्री म्हणतात. त्यांचा निम्मा धंदा या एका वाक्यावर चालतो. जिथे पोचायचं तिथे ती आपणहून जात नाही. मध्ये कुठे फट दिसली, ओलसर पट्टा दिसला, चिरलेलं रबर दिसलं, की तिथेच उतरते आणि मोकळी होते. तिला कामावर न्यायचं तर आधी तिच्या सगळ्या सोप्या वाटा बुजवाव्या लागतात. मिस्त्री हे सांगतात तेव्हा त्यांच्या हातात वीतभर-हातभर लांबीची एक काळी वायर असते. रेवदंड्याच्या खाडीतल्या कितीतरी लहान होड्यांची रोजची कमाई त्या वायरीच्या भरवशावर असते.

मोठ्या बोटींना हे दुखणं नाही. बंदरात लागलेले ट्रॉलर डिझेलवर चालतात आणि डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. हवा इतकी दाबायची की ती आपसूक तापते आणि आत फवारलेलं डिझेल पेट घेतं. ठिणगी लागते ती पेट्रोलवाल्यांना, म्हणजे किनाऱ्यालगत जाळं टाकणाऱ्या फायबरच्या होड्यांना आणि सुट्टीच्या दिवसांत नागाव-काशीदला पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटींना. त्यांच्या मागच्या फळीवर जे इंजिन टांगलेलं असतं त्याला इकडे सगळे ओबीएम म्हणतात. कव्हर उघडलं की वर फ्लायव्हील, बाजूला कॉइल आणि कॉइलमधून निघून प्लगच्या डोक्यावर जाणाऱ्या या वायरी. कुणी त्यांना एचटी वायर म्हणतं, कुणी नुसतंच प्लग वायर.

आमचं ओबीएम जुनं आहे. दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, २५ अश्वशक्तीचं. दादूसने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, ते घेतलं तेव्हाच आधीच्या मालकाने त्यावर स्वतःच्या आवडीचा रंग फासलेला होता. मासे धरायचं काम दादूसचं. मी अलिबागला नोकरी करतो, तेव्हा या घरात माझा नेमका उपयोग काय, हा प्रश्न वहिनीने बराच काळ उघडपणे विचारला. मग इंजिनाची जबाबदारी माझ्याकडे आली आणि प्रश्न मिटला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होडी वर ओढून झापांनी झाकायची, इंजिन पडवीत आणायचं आणि पावसाने जोर धरला की माझा हंगाम सुरू.

गेल्या हंगामाच्या शेवटी इंजिन मिसिंग मारायला लागलं. दुपारी ठीक चालायचं. पण पहाटे दव पडलेलं असलं, किंवा लाटेचे तुषार कव्हरच्या आत शिरले, की दोनांपैकी एक सिलिंडर गप्प. खाडीच्या आत एका सिलिंडरवर निभावून नेता येतं. कोर्लईच्या किल्ल्याखाली मात्र कुंडलिकेचं ओहोटीचं पाणी आणि समुद्राकडून आत येणारी लाट समोरासमोर येतात, आणि तिथे अर्ध्या ताकदीवर होडीचं तोंड लाटेला धरून ठेवणं अवघड. भांगाच्या दिवसांत पाणी सौम्य असतं. उधाणात ओहोटी अशी ओढते की इंजिन ओरडतंय आणि किनारा आहे तिथेच आहे. एके दिवशी दादूस उशिरा घरी आला आणि एवढंच म्हणाला, "एकच बाजू चालतेय तिची." त्याच्या बोलण्यात इंजिन कायम 'ती' असते, आणि बिघडली की ती माझी असते.

मिस्त्रींनी इंजिनाला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. कधी होतं? सकाळी की दुपारी? वल्हवण्याइतक्या हळू वेगात की पूर्ण वेगात? उत्तरं ऐकून त्यांनी कार्बोरेटरकडे पाहिलंसुद्धा नाही. ओल आली की येणारा आणि ऊन पडलं की जाणारा दोष बहुधा विजेचा असतो, आणि तो जोर लागल्यावरच डोकं काढत असेल तर बहुधा वायरीचा किंवा तिच्या टोपीचा. मला यातला पहिला भाग कळला. दुसरा समजायला थोडं वाचावं लागलं, आणि वाचल्यावर या हातभर रबराबद्दल मला जो आदर वाटू लागला तो अजून उतरलेला नाही.

टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला ठिणगी पडते. मिनिटाला ५,००० फेरे धरले तर एका सिलिंडरमध्ये सेकंदाला ८३ ठिणग्या झाल्या, तासाला ३ लाख. प्रत्येकीने प्लगच्या टोकाशी असलेली जेमतेम एक मिलिमीटरची फट ओलांडायची. मोकळ्या हवेत एवढी फट तीन-चार हजार व्होल्टांत पार होते. पण सिलिंडरच्या आतली हवा मोकळी नसते, पिस्टनने ती दाबलेली असते. वायूचा दाब वाढला की ठिणगी पाडायला लागणारे व्होल्टही वाढतात, हे फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मोजून दाखवलं. म्हणून तीच फट ओलांडायला इंजिनाच्या पोटात दहा-पंधरा हजार व्होल्ट, कधी त्याहून जास्त लागतात. थ्रॉटल उघडली की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण भरतं, दाब आणखी चढतो, व्होल्टांची मागणीही चढते. नेमकं त्याच क्षणी वायरीच्या अंगावरची एखादी बारीक चीर विजेला प्लगच्या फटीपेक्षा सोपी वाटू लागते, आणि ती तिथूनच शेजारच्या लोखंडात उडी मारते. इंजिन रिकामं घुमताना गुणी वाटतं आणि लाटेवर चढताना दगा देतं, त्याचं कारण हे.

याच कारणाने पडवीतली परीक्षा फसवी असते. प्लग बाहेर काढायचा, त्याचं अंग इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचं, दोरी खेचायची. टचकन निळी ठिणगी दिसते आणि बघणारे माना डोलावतात. ती ठिणगी खरी असते, पण तिच्यावर अजून काही दाब आलेला नसतो. मिस्त्रींकडे म्हणून सहा-सात मिलिमीटरची फट ठेवलेलं एक साधन असतं. मोकळ्या हवेत एवढी लांब उडी मारली तरच ती वीज आत टिकेल, असा हिशेब. दोरी खेचताना प्लगवायर नुसती हवेत लोंबकळत ठेवायची नाही, हेही त्यांनी बजावलं. वाटच मिळाली नाही तर वीज कॉइलच्या आतलं आवरण फोडून बाहेर पडते, आणि मग वायरीऐवजी कॉइलचा खर्च.

एवढे व्होल्ट येतात कुठून? आमच्या होडीत बॅटरी नाही. फ्लायव्हीलच्या आत चुंबक बसवलेले आहेत. ते गुंडाळलेल्या तारेजवळून फिरतात आणि तारेत वीज उपजते. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये लावलेला हा शोध आमच्या फळीवर लटकतो आहे. त्या विजेने एक कपॅसिटर काही शे व्होल्टांपर्यंत भरतो, वेळ आली की तो एका दमात कॉइलमध्ये रिकामा होतो आणि कॉइल त्याचे हजारो करते. सुरुवातीला चुंबक फिरवायला असतो तो दोरी खेचणाऱ्याचा खांदा, एकदा सुरू झालं की इंजिन स्वतःच स्वतःची ठिणगी पिकवतं. बॅटरीशिवाय उच्च दाबाची ठिणगी देणारा मॅग्नेटो रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने १९०२ मध्ये सिद्ध केला. ओले एव्हिनरुड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात १९०९ मध्ये विकायला काढलेलं आउटबोर्ड इंजिन अवघ्या दीड अश्वशक्तीचं होतं. खाऱ्या पाण्यात बॅटरी सांभाळणं म्हणजे काय, हे ज्याने एकदा अनुभवलं आहे त्याला या मंडळींचे उपकार वेगळे सांगावे लागत नाहीत.

आता वायर. तिचा आडवा छेद पाहिला की तिच्यात काय किती मोलाचं आहे ते कळतं. सात मिलिमीटर जाडीच्या वायरीत तांबं मधोमध दीड-एक मिलिमीटर. बाकी सगळं आवरण. ठिणगीचा प्रवाह इतका किरकोळ आणि इतका क्षणिक असतो की तांबं नावापुरतं असलं तरी पुरतं. वीज वाहून नेणं हे वायरीचं सोपं काम आहे. अवघड काम आहे ते बाहेर न जाऊ देण्याचं, आणि ते रबर करतं. वायर विकत घेतो तेव्हा आपण खरं तर कातडी विकत घेतो आणि तांबं वर मिळतं.

या कातडीचा आमच्या किनाऱ्यावर दावेदार एकच, मीठ. वाऱ्याबरोबर ते सगळीकडे जाऊन बसतं. खिडकीच्या गजांवर, सायकलच्या साखळीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर. शुद्ध मिठाला हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी सुटतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेलं असतं, म्हणून ते त्याच्याही आधी ओलावतं. त्यामुळे वरून कोरड्या दिसणाऱ्या वायरीवर पहाटे खाऱ्या पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर असतो. खारं पाणी वीज वाहून नेतं. एका टोकाला ठिणगी, दुसऱ्या टोकाला इंजिनाचं लोखंड आणि मध्ये हा थर. आळशी विजेला आणखी काय हवं?

अलिबाग-पेणकडच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही, कारण तो पिढ्यान् पिढ्या खारबंदिस्तीत वाढला आहे. खाडीकाठची भातशेती एका मातीच्या बांधाच्या जिवावर उभी असते. बांधात उघाडी असते. ओहोटीला ती शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडते आणि भरतीला खाडीचं पाणी आत येऊ देत नाही. पीक शेतात येतं, पण ते राखतो बांध. वायरीचं तांबं म्हणजे शेत आणि रबर म्हणजे हा बांध. १९४८ मध्ये मुंबई सरकारने या जमिनींसाठी वेगळा खारजमीन कायदा केला, त्यामागे हेच शहाणपण होतं. बांध फुटतो तो एकदम फुटत नाही. आधी कुर्लीने पाडलेलं भोक असतं, मग झिरप, मग एका उधाणाच्या रात्री खांड. आणि एकदा खारं पाणी शेतात फिरलं की पुढचे काही पावसाळे ती जमीन धुऊन निघायला जातात.

वायरीतही खांड पडते. आवरणावरून वीज एकदा सरपटत गेली की तिच्या उष्णतेने रबराचा बारीक पट्टा जळतो आणि तिथे कोळसा उरतो. कोळसा वीज वाहून नेतो. म्हणजे पहिल्या चुकार ठिणगीने पुढच्या सगळ्यांसाठी पायवाट तयार करून ठेवलेली असते. वायर पुसली, वाळवली, तरी ती पायवाट बुजत नाही. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसते ती हीच. अशा वेळी चिकटपट्टी गुंडाळून काम भागवायचा मोह होतो, आणि खाडीत ती पट्टी एखादा दिवस भागवतेही. पण मिस्त्रींच्या मते रेघ पडली की वायर गेली. तिथे दुरुस्ती नाही, बदलीच.

रेघ शोधायची कशी? मिस्त्री रात्री आले. अंगणात पाण्याने भरलेल्या पिंपात इंजिनाचा पाय बुडवला, घरातले दिवे बंद करायला लावले, पेट्रोलचा डबा लांब ठेवला आणि इंजिन सुरू केलं. मग माझ्या पुतणीच्या केसांना पाणी मारायच्या फवाऱ्याने वायरींवर हलकेच फवारा मारला. वरच्या वायरीवर काही नाही. खालच्या वायरीच्या वळणाशी, जिथे ती एका पत्र्याच्या क्लिपखालून जाते, तिथे निळसर जांभळी झाक उमटली आणि तिच्यातून अधूनमधून लखलखीत धागे क्लिपकडे उडू लागले. तिखट, ताजा वास आला, जवळ वीज पडल्यावर येतो तो, ओझोनचा. इंजिनाचा आवाज त्याच क्षणी अडखळला. शेजारची पोरं कुंपणावर चढून बघत होती. त्यांना ती दिवाळी वाटली. "हात कुणी लावू नका," मिस्त्री ओरडले. वहिनीने विचारलं, "एवढं सुंदर दिसतंय ते बिघडलंय?" मिस्त्रींनी मान हलवली. चांगल्या वायरीवर अंधारात काहीच दिसत नाही.

त्याआधी दिवसा मी माझा मल्टिमीटर लावून बघितला होता. खालची वायर मीटरवर उत्तीर्ण. त्यात नवल नाही. मीटर वायरीला नऊ व्होल्टांच्या बॅटरीने विचारतो आणि इंजिन वीस हजारांनी. तांबं तुटलं असेल तर मीटर सांगतो, वायर हलवताना आकडा उड्या मारू लागला तर आतून कुठे तार निसटली आहे हेही सांगतो. टोपीत रोधक असतो, तो किती ओहमचा उरला आहे तेही त्यावर कळतं. कातडीबद्दल मात्र तो काही बोलत नाही. कमी दाबाला चीर ही चीरच नसते.

मग खरेदी. मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर गेलं की वायरींचे इतके रंग दिसतात की आपण इंजिन विसरून जातो. लाल, निळी, पिवळी धमक. दुकानदाराने एक जाडजूड लाल वायर काउंटरवर ठेवली. "गाडीची आहे साहेब, एकदम भारी." ती खरोखरच भारी होती, पण गाडीची होती. मोटारगाड्यांच्या अशा बऱ्याच वायरींत मध्ये तांबं नसतं, कार्बन मुरवलेला धागा असतो आणि त्याचा रोध फुटामागे हजारो ओहम भरतो. तो मुद्दाम ठेवलेला असतो. ठिणगी ही मुळात रेडिओ लहरी फेकणारी वस्तू आहे. हाइनरिश हर्ट्झने १८८०च्या दशकात रेडिओ लहरी पहिल्यांदा पकडल्या त्या ठिणगी पाडूनच. इंजिनाच्या ठिणग्या रेडिओत खरखर करतात, म्हणून गाडीत वायरीलाच रोध देऊन ती खरखर मारतात.

आमच्या जुन्या ओबीएमला ती वायर दोन कारणांनी चालत नाही. पहिलं, दोरी खेचताना चुंबक सावकाश फिरतात, वीज मुळात बेताची उपजते. त्यातली आणखी वाटेत कशाला घालवायची? दुसरं कारण साधं, लोहाराच्या दुकानातलं. आमच्या प्लगच्या टोपीत आणि कॉइलच्या तोंडात टोकदार आटे असलेला खिळा असतो. वायर कापून त्यावर फिरवत बसवायची, म्हणजे तो खिळा तांब्याच्या तारांमध्ये घुसतो आणि घट्ट पकडतो. कार्बनच्या धाग्यात तो घुसतो, पण पकडत काही नाही. इंजिनाच्या थरथरीने आठवड्यात तिथे फट पडते आणि त्या फटीत वीज स्वतःचं वेगळं दुकान मांडते. म्हणून तांब्याची वायर घ्यायची आणि खरखर मारायचं काम टोपीतल्या रोधकावर किंवा ज्याच्या क्रमांकात आर हे अक्षर आहे अशा प्लगवर सोपवायचं. दोन्ही एकदम की एकच, हे इंजिनाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि त्या पुस्तकाशी हुज्जत घालू नये. दादूसच्या लहानशा रेडिओवर वाऱ्याची सूचना नीट ऐकू यावी, एवढी माझी त्यातली हौस.

तांबं घ्यायचं ठरलं तरी कुठलं तांबं? मी जुनी खालची वायर उभी चिरली तेव्हा टोकापासून बोटभर आतपर्यंत तारा हिरव्या पडल्या होत्या. तांबं कळकलं होतं. घरात तांब्या-पितळेची भांडी होती तेव्हा त्यांवरचा उपाय गल्लीतून ओरडत यायचा. भांडं तापवायचं, नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचं, की आतून चंदेरी. बोटींसाठी बनवलेल्या चांगल्या वायरींत हीच कल्हई प्रत्येक बारीक तारेवर असते. सोललेलं टोक तांबूस दिसण्याऐवजी पांढरं दिसतं. नागदेवीच्या दुकानदाराला कथील चढवलेली वायर ऐकून ठाऊक होती. मिळाली ती रे रोडजवळ दारूखान्यात, जिथे मोडीत निघालेल्या जहाजांचे अवयव रस्त्याच्या कडेला मांडलेले असतात. एका लहान दुकानात बोटींच्या इंजिनांचे सुटे भाग होते. मालकाने वायरीचं टोक सोलून न विचारताच माझ्यापुढे धरलं. त्याला माहीत होतं की इथे येणारा आधी काय बघतो.

उरलं आवरण. पीव्हीसी स्वस्त, पण उष्णतेने कडक होतं आणि मग चिरतं. आमची खालची वायर तशीच गेली असावी. सिलिकॉन उष्णता उत्तम सोसतं, थंडी-उन्हात मऊ राहतं, पण घासलं तर लवकर फाटतं. सगळे गुण एका कातडीत नसतात. तेव्हा सिलिकॉनची घ्यायची आणि जिथे ती लोखंडाला घासण्याची शक्यता आहे तिथे वरून एक जादा नळी चढवायची, असं ठरलं. जाडी जुन्या वायरीइतकीच, सात मिलिमीटर, कारण कॉइलचं तोंड आणि टोपीचं रबर त्याच मापाचं. आठ मिलिमीटरची जास्त मजबूत, असं मनाला वाटतं. पण ती टोपीच्या रबरात कोंबावी लागते, रबर ताणलं जातं, आणि ताणलेल्या रबराखाली पाण्याला जागा होते.

वायर एकच बिघडली होती. मिस्त्रींनी दोन्ही बदलायला लावल्या, टोप्यांसकट. दोघींनी सारखेच पावसाळे बघितले आहेत, त्यांचं म्हणणं. एका वेळी एकच वायर काढायची, म्हणजे वरच्या-खालच्या वायरींची अदलाबदल होत नाही. जुनी शेजारी ठेवून लांबी मोजायची. इंजिन थरथरतं तेव्हा ताण पडणार नाही इतकी सैल हवी, आणि फ्लायव्हीलला शिवणार नाही इतकी आखूडही. टोक सरळ, एका घावात कापायचं. खिळ्यावर फिरवताना हाताला पकड जाणवेपर्यंत फिरवायचं, आणि मग हलकेच ओढून बघायचं. टोपीच्या आतल्या कडेला सिलिकॉनचं ग्रीस. हे ग्रीस वीज वाहून नेत नाही, पाण्याची जागा आधीच अडवून बसतं. पत्र्याच्या क्लिपवर रबराचा तुकडा. सगळं मिळून काम फार तर एका दुपारचं. त्यातला तांब्याला तांबं जोडण्याचा भाग चटकन झाला. बाकीचा सगळा वेळ पाणी, मीठ आणि लोखंड यांना वायरीपासून दूर ठेवण्यात गेला.

अलिबागला ज्या रस्त्याने मी कामाला जातो त्याच्या जवळपास अशाच कामाची एक मोठी वास्तू आहे, तिथली चुंबकीय वेधशाळा. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४०च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्याकडून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळात युरोप-अमेरिकेतल्या तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या, तेव्हा कुलाब्याच्या उपकरणांनी चुंबकत्वातली मोठी घसरण टिपली. त्या वादळाचा अभ्यास करणारे आजही ती नोंद काढून बघतात. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. रुळांतून आणि जमिनीतून फिरणाऱ्या विजेत पृथ्वीचा बारीक आवाज बुडून गेला असता. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीत चुंबकीय नोंदींसाठी अलिबागची जागा निवडली गेली. लोखंड टाळून इमारती बांधल्या, १९०४ मध्ये काम सुरू झालं, आणि जुन्या-नव्या नोंदींची सांधेजोड व्हावी म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चाललं. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. तिचा खडखडाट अलिबागच्या सुईपर्यंत आला नाही.

ट्राम १९६४ मध्ये बंद पडली. अलिबागच्या नोंदी चालू आहेत, आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडून. या शहरात राहणाऱ्या किती जणांना त्या आवारात काय चालतं हे सांगता येईल, मला शंका आहे. तिथे दाखवण्यासारखं घडत नाही. काही घडू नये, यासाठीच तर ती जागा. मला तिचा अभिमान वाटतो तो याचमुळे. एका अख्ख्या शहराची वीज दूर ठेवण्यासाठी कुणीतरी समुद्र ओलांडून जागा शोधली, खिळेसुद्धा लोखंडाचे नसावेत याची काळजी घेतली, आणि शंभर वर्षांहून जास्त काळ माणसं पाळीपाळीने ती दूरता राखत आली. माझ्या पडवीतलं काम हातभर लांबीचं होतं. पण बांध घालणारा, वेधशाळा हलवणारा आणि वायर बदलणारा यांची जात एक आहे, असं मला वाटतं. त्यांनी काय मिळवलं ते दाखवता येत नाही. काय आत येऊ दिलं नाही, एवढंच सांगता येतं.

नव्या फोर-स्ट्रोक इंजिनांपैकी अनेकांत ही वायरच उरलेली नाही. कॉइल थेट प्लगच्या डोक्यावर बसते, वाटच बोटभर. जागा कमी, म्हणून चोरवाटाही कमी. उत्तम सोय आहे. पण त्या बोटभर वाटेलाही रबराची कातडी आहे, आणि मीठ तिथेही पोचेल. फक्त ती बिघडली की मिस्त्रींच्या हातात वायरीचं भेंडोळं नसेल, अख्खा भाग मागवावा लागेल. जुनं इंजिन सांभाळण्याचा एक फायदा मला हा दिसतो की त्याचे दोष हाताच्या आवाक्यातले असतात. एका माणसाला, एका पकडीने, पावसाच्या एका उघडिपीत ते काढता येतात. ते इंजिन महाग पेट्रोल पितं, धूर सोडतं, आणि कधीतरी त्याला निरोप द्यावा लागणार आहे. तोवर त्याच्या अंगावरचे बांध पक्के ठेवणं आमच्या हातात आहे.

ऑगस्टमध्ये होडी पाण्यात गेली. पहाटे, दव पडलेलं असताना, मी मुद्दाम बरोबर गेलो. दादूसने दोरी खेचली, दुसऱ्या खेचीला इंजिन लागलं. कोर्लईखाली लाट अंगावर आली, कव्हरवरून पाणी ओघळलं, दादूसने थ्रॉटल पूर्ण उघडली आणि होडी चढून पलीकडे उतरली. दोन्ही सिलिंडर एका दमात बोलत होते. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. दारूखाना, कथील, सिलिकॉन, पाशेन, सगळं सांगायला मी तयार होतो. त्याने कान देऊन इंजिन ऐकलं, मागे वाकून पाण्यात बघितलं आणि म्हणाला, "पंख्याचं एक पातं वाकलंय वाटतं. ते बघ आता."